‘नाही’ शेवटच्या ओळीत असतं तेव्हा

मराठी वेबसाईटवरचा मजकूर वाचायला जड का जातो असं कोणाला विचारलं की पहिलं उत्तर येतं, शब्द अवघड असतात. मला हे अर्धंच पटतं. मी मुंबईतल्या लहानमोठ्या लोकांसाठी मराठी पानं लिहून देते, पॅथॉलॉजी लॅब, पतपेढ्या, क्लासेस, केटरर असे, आणि या कामात वारंवार दिसतं ते असं की शब्द सगळे ओळखीचे आहेत तरी पान डोक्यात शिरत नाही. कारण वाक्याच्या बांधणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. म्हणजे काय करायचं, मिळणार की नाही, चालेल की नाही, हे सगळं कळतं ते वाक्य संपल्यावर, आणि फोनवर वाचणारा माणूस वाक्य संपेपर्यंत थांबतोच असं नाही.

क्लासेसच्या वेबसाईटवर फीच्या पानाखाली साधारण असं एक वाक्य असतं, तुम्हीही कुठे ना कुठे वाचलं असेल:

‘ज्या पालकांनी आपल्या पाल्याचा प्रवेश निश्चित करून पूर्ण शुल्क भरलेले आहे व त्यानंतर काही वैयक्तिक कारणास्तव प्रवेश रद्द करावयाचा आहे अशा पालकांना भरलेल्या शुल्काचा परतावा मिळण्याची सुविधा उपलब्ध नाही.’

हे फोनवर उघडलं की ओळीत जेमतेम पाच-सहा शब्द बसतात आणि वाक्य सहा-सात ओळी खाली उतरतं. आता घाईत असलेली आई हे कशी वाचेल बघा. ‘प्रवेश निश्चित’ दिसलं, ‘पूर्ण शुल्क’ दिसलं, ‘परतावा मिळण्याची सुविधा उपलब्ध’ इथपर्यंत नजर आली आणि अंगठ्याने पान वर सरकवलं. तिच्या डोक्यात राहिलं काय, तर फी परत मिळते. सगळ्यात महत्त्वाचा शब्द, ‘नाही’, हा एकटा शेवटच्या ओळीत बसलाय. वाक्य व्याकरणाने बिनचूक आहे, खोटंही काही लिहिलेलं नाही, आणि तरी बाई उलटा अर्थ घेऊन गेली.

लोक स्क्रीनवर कसे वाचतात यावर बरंच काम झालंय. वेबसाईट लोकांना वापरायला सोप्या जातात का याचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांनी १९९७ साली लिहिलं होतं की त्यांच्या चाचणीतले ७९ टक्के लोक नवीन पान नुसतं नजरेने चाळायचे, शब्द न् शब्द वाचणारे फक्त १६ टक्के. मग २००६ मध्ये त्यांनी २३२ जणांच्या डोळ्यांची हालचाल मोजून सांगितलं की नजर इंग्रजी एफ अक्षरासारखी फिरते, म्हणजे वरच्या एक-दोन ओळी आडव्या, आणि मग डाव्या कडेने सरळ खाली. हे सगळं तिकडचं, इंग्रजी वाचणाऱ्यांचं आहे हे मान्य, पण मराठीही डावीकडून उजवीकडेच वाचतात, आणि आता जरा विचार करा, इंग्रजीत ‘नो रिफंड’ म्हणताना ‘नो’ आधी येतं, डाव्या कडेला. आपलं ‘नाही’ येतं उजव्या टोकाला. म्हणजे नजर जिथे जात नाही नेमकं तिथे आपली भाषा मुद्द्याची गोष्ट ठेवते! इंग्रजीत सोपं कसं लिहावं यावर ढिगाने लेख सापडतात, त्यांचे मराठी अनुवादही सापडतात, पण ही अडचण त्यांना येतच नाही त्यामुळे ते त्यावर बोलतही नाहीत. आपली आपल्यालाच सोडवायची आहे.

आणि मुंबईत तर वाचणाऱ्याची परिस्थिती अजून वेगळी. ठाण्याला फास्ट पकडलेला माणूस, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन, मागून धक्के, मुलुंड गेलं का भांडुप गेलं याकडे अर्धं लक्ष, आणि त्यातच तो आईच्या ब्लड टेस्टसाठी उद्या सकाळी किती वाजता जायचं ते शोधतोय. या माणसाला मंद म्हणता येणार नाही, आळशीही म्हणता येणार नाही. त्याच्याकडे एक अंगठा आणि दोन स्टेशनांमधला वेळ आहे. मी लिहिताना हाच माणूस डोळ्यासमोर ठेवते, घरी पंख्याखाली निवांत बसून वाचणारा वाचक मला फारसा भेटलेला नाही.

मग करायचं काय? क्रियापद तर शेवटी येणारच, ते काय आपल्या हातात नाही, पण ते किती लांब न्यायचं हे आपल्याच हातात आहे. वाक्य छोटं केलं की शेवट जवळ येतो. ‘भरलेली फी परत मिळत नाही.’ पाच शब्द, फोनवर जवळपास एकाच ओळीत, ‘नाही’ नजरेच्या टप्प्यात. मग दुसरं वाक्य, ‘प्रवेश रद्द केला तरी मिळत नाही.’ झालं. आधी उत्तर, मग अटी. यात मी काही नवीन शोध लावलेला नाही, आपण बोलताना असंच बोलतो. खरं तर बोलताना आपण त्याहून पुढे जातो, क्रियापद चक्क आधी आणतो. लॅबच्या काउंटरवरच्या ताई कधी असं म्हणत नाहीत की ‘आपला अहवाल सायंकाळी सहा वाजल्यानंतर उपलब्ध होईल’. त्या म्हणतात, ‘मिळेल ना रिपोर्ट, आजच, सहानंतर या.’ ‘मिळेल’ पहिला शब्द! विचारणाऱ्याला जे हवं होतं ते सगळ्यात आधी दिलं आणि तपशील मागून जोडले. बोलीभाषेला हे कोणी शिकवलेलं नाही, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून ती असं वळण घेते. लिहिताना समोर चेहरा नसतो म्हणून आपण ताठ होतो आणि ‘उपलब्ध होईल’ वर येतो.

म्हणून नवीन काम आलं की मी आधी काउंटरजवळ जाऊन बसते. मालकांशी मीटिंग नंतर. सेंट्रल लाईनवरच्या एका लॅबचं काम होतं तेव्हा सकाळी सातपासून रिसेप्शनला बसले होते, ती वेळ उपाशीपोटी येणाऱ्यांची. लोक काय विचारतात ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. ‘चहा घेतला तर चालेल का?’ ‘बीपीची गोळी घेऊन आले, चालेल ना?’ ‘पाणी पण नाही प्यायचं का?’ ‘जेवणानंतरची शुगर म्हणजे कधी यायचं?’ आणि हे प्रश्न विचारणाऱ्यांतले काही जण चहा पिऊन आलेले, त्यांना परत पाठवायला लागत होतं, एक आजी तर रिक्षा करून आल्या होत्या आणि तशाच परत गेल्या. वेबसाईटवर सूचना होती. अशी होती:

‘फास्टिंग ब्लड शुगर तपासणीकरिता येणाऱ्या रुग्णांनी किमान आठ तास अगोदरपासून पाण्याव्यतिरिक्त कोणत्याही अन्नपदार्थाचे अथवा पेयाचे सेवन केलेले नसणे आवश्यक आहे.’

माहिती बरोबर आहे. फास्टिंग शुगरला किमान ८ तास पोट रिकामं लागतं आणि साधं पाणी चालतं, दोन्ही त्यात आहे. पण ‘पेयाचे सेवन केलेले नसणे’ हे वाचून किती जणांच्या डोक्यात सकाळचा कपभर चहा येतो? आपल्याकडे चहाला कोणी पेय म्हणत नाही, आणि बऱ्याच घरांत चहा म्हणजे खाणं-पिणं यात मोजतच नाहीत, ‘मी काही खाल्लं नाही, फक्त चहा घेतला’ हे वाक्य त्या सकाळी मी किती वेळा ऐकलं. तर आम्ही ते असं केलं:

‘तपासणीच्या आधी ८ तास काही खाऊ नका. चहा-कॉफीसुद्धा नको. साधं पाणी चालेल. रात्री १० ला जेवण झालं असेल तर सकाळी ६ नंतर या. सकाळच्या गोळ्या असतील तर त्या घ्यायच्या की नाही हे तुमच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा.’

शब्द वाढले. बघा, मूळ वाक्यापेक्षा हे जवळपास दुप्पट आहे, आणि तरी वाचायला हलकं आहे. सोपं म्हणजे कमी असा एक समज आहे, कंटेंटचं काम देणारे सारखे म्हणतात ‘शॉर्ट करा, शॉर्ट करा’, पण रात्री १० आणि सकाळी ६ हे उदाहरण काढून टाकलं असतं तर वाचणाऱ्याला बोटांवर मोजत बसावं लागलं असतं. त्याचं मोजणं आपण करून द्यायचं, त्यासाठी एक ओळ जास्त गेली तर जाऊदे. जेवणानंतरच्या शुगरचं पण तसंच. दोन तास मोजायचे ते जेवायला सुरुवात केल्यापासून, आणि बहुतेक जण मोजतात हात धुतल्यापासून. ‘जेवणानंतर दोन तासांनी’ एवढं लिहिलं तर ही चूक होणारच. ‘१ वाजता जेवायला बसलात तर ३ वाजता या’ असं लिहिलं की चुकायला जागाच राहत नाही.

आता वाक्य लांबवणारी मराठीतली सगळ्यात मोठी खोड सांगते, ‘असलेल्या, केलेल्या, झालेल्या, आलेल्या’. नामाच्या आधी सगळी माहिती खच्चून भरायची सवय. ‘मागील तीन वर्षांपासून सभासद असलेल्या व कोणतेही कर्ज थकीत नसलेल्या तसेच किमान दहा हजार रुपये भाग भांडवल जमा केलेल्या व्यक्तींनाच’, इथपर्यंत वाचताना वाचक विचारतोय, अहो पण कोणाबद्दल बोलताय? ‘व्यक्ती’ हा शब्द येईपर्यंत आधीच्या तीन अटी हवेत लटकत असतात आणि त्या डोक्यात धरून ठेवायला लागतात. याला आपल्याच भाषेत फार छान उपाय आहे, जो-तो, ज्यांनी-त्यांनी. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ ही म्हण कशी दोन पावलांत चालते, पहिल्या पावलात माणूस उभा केला, दुसऱ्यात त्याच्याबद्दल सांगितलं. ‘जळालेल्या व्यक्तीस कळते’ असं कोणी म्हणालं असतं तर ती म्हण दुसऱ्या दिवशी मेली असती. तर अर्ज, कर्ज, नियम या सगळ्यात मी ‘असलेल्या’ दिसलं की थांबते, आणि बहुतेक वेळा ‘जे तीन वर्षं सभासद आहेत’ असं उघडून टाकते. अटी तीनपेक्षा जास्त असतील तर सरळ एकाखाली एक. पहिली ओळ ‘कर्ज कोणाला मिळेल?’ आणि खाली एकेक अट, प्रत्येक अटीत एक क्रियापद.

दुसरी खोड ‘आपण’. नम्र वाटतं म्हणून सगळे वापरतात. पण मराठीतलं ‘आपण’ दोन्हीकडे फिरतं, ‘तुम्ही’ पण होतं आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ पण होतं. ‘आपण कागदपत्रे तपासून अर्ज पुढे पाठवू’, कोण तपासणार? ‘आपण आपल्या शाखेत संपर्क साधावा’, कोणाची शाखा? समोरासमोर बोलताना हाताच्या इशाऱ्याने कळतं, पानावर हात नसतो. मी सरळ ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ लिहिते. ‘तुम्ही फॉर्म भरा. आम्ही दोन दिवसांत फोन करू.’ मान ‘तुम्ही’त आहेच की. आणि याच कारणासाठी ‘केले जाईल, कळवण्यात येईल, स्वीकारले जाणार नाहीत’ हे सगळं मला खटकतं, करणारा माणूस गायब होतो आणि मग फोन कोणाला लावायचा हेच कळत नाही.

इथे एका गोष्टीबद्दल मनापासून सांगायचंय, ते मजकूर वाचायला सोपा आहे का हे मोजून दाखवणाऱ्या, वेबसाईटच्या प्लगइनमधल्या हिरव्या दिव्याबद्दल. बरेच जण मजकूर त्यात टाकतात, हिरवा दिवा लागला की खूष. असल्या मोजणीमागचं एक प्रसिद्ध सूत्र रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली इंग्रजीसाठी मांडलं, वाक्यात शब्द किती आणि शब्दात अक्षरोच्चार (सिलॅबल) किती यावर ते चालतं. पुढे १९७५ मध्ये अमेरिकन नौदलासाठी त्याचं शाळेच्या इयत्तांचं रूप तयार झालं. इंग्रजीत लांब शब्द बहुधा अवघड असतो त्यामुळे तिथे ते बऱ्यापैकी लागू पडतं. मराठीत आपण प्रत्यय शब्दालाच चिकटवतो. ‘पोहोचल्यावरसुद्धा’ किंवा ‘शेजारच्यांसाठी’ हे शब्द लांबलचक आहेत आणि चार वर्षांच्या मुलालाही कळतात. उलट ‘सदर’, ‘विहित’, ‘अन्वये’ कसे आटोपशीर, आणि वाचणारा तिथेच अडखळतो. म्हणजे तो हिशोब मराठीला लावला तर सोप्याला अवघड म्हणेल आणि अवघडाला सोपं. कुठल्याही दिव्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा मजकूर मोठ्याने वाचा. जिथे श्वास घ्यायला लागला आणि वाक्य संपलेलं नव्हतं, तिथे तोडा.

शब्दांबद्दल फार नाही बोलत, त्यावर भांडणं खूप होतात आणि माझा नियम साधा आहे, काउंटरवर जो शब्द चालतो तो. लॅबमध्ये लोक ‘रिपोर्ट’ म्हणतात म्हणून रिपोर्ट, पण तेच लोक ‘उत्पन्नाचा दाखला’ म्हणतात, इन्कम सर्टिफिकेट म्हणणारे कमी, म्हणून तिथे दाखला. ‘थकबाकी’, ‘हप्ता’, ‘जामीनदार’ हे शब्द इतके जिवंत आहेत की त्यांच्या जागी इंग्रजी घालणं मला पटत नाही आणि ‘सांपत्तिक स्थिती’ घालणं तर त्याहून नाही.

हेडिंगवर मात्र थांबायला पाहिजे, कारण चाळणारी नजर खरी टिकते ती तिथे. ती एफसारखी नजर जी वर सांगितली, तिच्याबद्दल निल्सन यांच्याच ग्रुपने २०१७ मध्ये पुन्हा लिहिलं की लोक असं वाचतात ते मजकुराला नीट हेडिंग, परिच्छेद, ठळक शब्द नसतात तेव्हा. चांगली हेडिंग दिली की नजर हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत जाते आणि हवं तिथे थांबून वाचते. म्हणजे दोष वाचकाच्या डोळ्यांचा नाही. प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर आठवा, गाडी कुठली, किती वाजता, स्लो का फास्ट, किती डब्यांची, चार गोष्टी, कायम त्याच जागी, आणि धावत जिना उतरणारा माणूससुद्धा एका नजरेत ठरवतो की धावायचं की थांबायचं. हेडिंगने एवढं करावं. ‘आमच्या सेवा’, ‘महत्त्वाची माहिती’, ‘सूचना’ या हेडिंगमधून काहीच ठरवता येत नाही. ‘रिपोर्ट कधी मिळेल?’, ‘घरी येऊन सॅम्पल घेता का?’, ‘रविवारी उघडं आहे का?’ यातून ठरवता येतं. काउंटरवरच्या वहीतले प्रश्न मी जवळपास तसेच हेडिंग म्हणून वापरते. लिंकचंही तेच, ‘इथे क्लिक करा’ लिहिण्याऐवजी ‘घरी सॅम्पल घ्यायची वेळ ठरवा’ असं लिहिलं की ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, फोन बोलून दाखवतो ते ऐकून जे वापरतात ते लोकसुद्धा नुसत्या लिंका ऐकून पान समजू शकतात.

आता देवनागरीचं. हा भाग डिझाईनवाल्यांचा आहे असं म्हणून लिहिणारे हात झटकतात, पण मजकूर सोपा लिहून तो दिसला कचाकचा तर काय उपयोग. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मराठी ओतली की पहिलं काय होतं, ओळी एकमेकींच्या अंगावर येतात, कारण आपल्या अक्षरांना वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं असतात, इंग्रजीला पुरणारं अंतर आपल्याला पुरत नाही. ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट तरी घ्या, मी त्याहून थोडं जास्तच मागते. दुसरं, अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसायला लागतात, हेडिंग स्टायलिश करायच्या नादात हे फार होतं. तिरपी अक्षरं नकोत, देवनागरीत ती परंपराच नाही, ब्राउझर बहुतेक वेळा सरळ अक्षर नुसतं वाकवून दाखवतो. जोर द्यायचा तर ठळक करा. रंगाचं म्हणाल तर पांढऱ्यावर फिकट राखाडी हा प्रकार उन्हात, प्लॅटफॉर्मवर उभं राहून वाचून बघा म्हणजे कळेल. वेबच्या सुलभतेचे जे डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५:१ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, सांगितलाय, तपासायची फुकट साधनं आहेत. फॉन्टची आता चिंता नाही, मुंबईच्याच ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, मुक्ता मला मजकुराला आवडतो, बलू हेडिंगला.

यापेक्षा मोठा त्रास जुन्या सवयींचा आहे. अजूनही कितीतरी ठिकाणी मजकूर श्रीलिपी नाहीतर कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप होतो, तो कॉपी करून वेबसाईटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, मग कोणीतरी शक्कल लढवतं की चला, फोटोच टाकू. आणि मग वेळापत्रक, फी, नियम सगळं जेपीजीमध्ये. फोटोतला मजकूर फोनवर मोठा केला की बाजूला सरकवत वाचावा लागतो, पानात शोधता येत नाही, कॉपी होत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तर तिथे काहीच नाही, फोन नुसतं ‘चित्र’ म्हणून पुढे जातो. मला याचा खरंच राग येतो, कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, बदलून घ्यायला आता फार कष्ट पडत नाहीत. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं नोंदवणंही एका शब्दाचं काम आहे, ते नसेल तर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चुकीच्या आवाजात, चुकीच्या उच्चारात बोलायला लागतं, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे आपल्या मराठी वळणाचे ल आणि श येतात तेही या नोंदीमुळेच.

अजून एक बारीक गोष्ट, केटररच्या मेनूत सापडली. ‘पुऱ्या’ मधला तो अर्धा र दोन पद्धतींनी टाईप होतो, एका पद्धतीत खाली टिंब असलेला ऱ वापरतात, दुसरीत साधा र आणि त्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. दिसायला अगदी सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. मेनू एकाने टाईप केलेला, शोधणारा दुसऱ्या कीबोर्डवरून शोधतोय, आणि पुऱ्या पानावर असून सापडत नाहीत! पूर्ण साईटवर एकच पद्धत ठेवायची आणि कुठली ते सगळ्यांना सांगून ठेवायचं, सध्याच्या फोनच्या कीबोर्डमधून जे येतं ते ठेवलं तर बरं.

सोपं लिहून दिलं की मालकांचा हमखास एक प्रश्न येतो, ‘मॅडम, जरा प्रोफेशनल वाटत नाही हो हे.’ मी तो हसण्यावारी नेत नाही, कारण भीती खरी आहे, आपल्याकडे जड मराठी म्हणजे अधिकृत असं डोक्यात पक्कं बसलंय, शाळेतल्या अर्जापासून. मी त्यांना एवढंच विचारते की तुमच्याकडे पेशंट आला तर तुम्ही त्याच्याशी कसं बोलता? चांगले डॉक्टर सोपं बोलतात आणि त्यामुळे त्यांचा मान कमी झालेला मी बघितलेला नाही. काही जणांना मात्र ते ‘नाही’ शेवटच्या ओळीतच हवं असतं, परतावा मिळत नाही हे ठळक दिसलं तर ॲडमिशन जाईल म्हणून. तिथे मी स्पष्ट सांगते की हे मी लिहून देणार नाही. पालकांनी पैसे भरल्यावर खाली वाचायला सांगणं ही फसवणूक आहे, मग वाक्य कितीही नियमात बसणारं असो.

मजकूर झाला की तपासायचा कसा? ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात, नाही म्हणायला लाजतात. प्रश्न विचारायचा. शेजारच्या काकूंना पान वाचायला देऊन म्हणायचं, ‘काकू, उद्या सकाळी टेस्ट आहे, मग उठल्यावर चहा घ्याल का?’ त्यांनी पानावर बघून उत्तर दिलं तर पान पास. निल्सन यांनी २००० साली लिहिलंय की पाच माणसांवर तपासलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी सापडतात, आणि मुंबईत पाच माणसं मिळवणं कठीण नाही, चाळ असो की टॉवर. मोठा मजकूर असेल, पतपेढीचे नियम वगैरे, तर क्लोझ नावाची एक पद्धत आहे, विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली. उताऱ्यातला दर पाचवा शब्द गाळायचा, रिकामी जागा सोडायची, आणि वाचणाऱ्याला त्या भरायला सांगायच्या. ढोबळ हिशोब असा की ६० टक्के किंवा जास्त जागा बरोबर भरल्या तर मजकूर त्या माणसाला झेपतोय. यात अक्षरोच्चार मोजायचे नाहीत, इंग्रजीचं सूत्र नाही, त्यामुळे मराठीला ही पद्धत नीट चालते. ‘सदर योजनेअंतर्गत पात्र’ असल्या वाक्यांत लोक अडतात आणि ‘दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत हप्ता भरा’ मध्ये जवळजवळ सगळं भरतात, हे मी सभासदांना कागद वाटून बघितलंय, आणि कमिटीला पटवायला त्या कागदांपेक्षा चांगलं दुसरं काही नाही. त्यांचेच सभासद, त्यांच्याच हातचं अक्षर.

आणि एकदा सोपं झालेलं पान आपोआप सोपं राहत नाही. सहा महिन्यांनी कोणीतरी ‘तसेच’ लावून एक वाक्य जोडतं, दिवाळीच्या सुट्टीची सूचना फेब्रुवारीपर्यंत वरच राहते, वेळ बदलते ती एका पानावर बदलली जाते आणि दुसऱ्यावर तशीच. म्हणून मी काम देताना सांगते की पानाच्या वरच्या बाजूला, हेडिंगखालीच, ‘ही माहिती अमुक तारखेला तपासली’ अशी एक ओळ असू द्या, तारीख ‘५/६’ अशी नको, ‘५ जून २०२५’ अशी पूर्ण. आणि ती तपासायचं काम काउंटरवरच्या ताईंकडे द्या, लोक काय विचारतायत हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं, एखादा प्रश्न दिवसातून तीनदा यायला लागला म्हणजे पानावर काहीतरी बदलायची वेळ झालीय हेही.